रात्रपाळीची संहिता : १९३१चा स्पॅनिश ‘द्राकुला’ आणि भाषांतराचा प्रश्न

१९३०च्या ऑक्टोबरात हॉलिवुडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत एकाच नेपथ्यावर दोन चित्रपट तयार होत होते. दिवसा टॉड ब्राउनिंग यांच्या दिग्दर्शनाखाली बेला लुगोसी इंग्रजीतून सरदार ड्रॅक्युलाची भूमिका करीत. संध्याकाळी ती मंडळी घरी परतली की दुसरा ताफा त्याच जिन्यावर, त्याच तळघरात, त्याच जाळ्याजळमटांत उभा राही आणि पहाटेपर्यंत तीच कथा स्पॅनिशमधून चित्रित करी. दिवसपाळीचे काम २९ सप्टेंबरला सुरू झाले होते. रात्रपाळी १० ऑक्टोबरला सुरू झाली आणि सुमारे महिनाभरात, दिवसपाळीच्याही आधी, संपली. इंग्रजी चित्रपटावर सुमारे ३ लाख ४१ हजार डॉलर खर्च झाले, तर स्पॅनिश चित्रपटावर सुमारे ६६ हजार. म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा.

हा सारा तपशील चित्रपटाच्या इतिहासकारांना परिचित आहे. साहित्यसमीक्षेच्या व्यासपीठावर तो पुन्हा मांडण्याचे कारण वेगळे आहे. भाषांतराविषयी विचार करताना आपण मूळ संहिता आधी पूर्ण झालेली आहे आणि भाषांतर तिच्या मागून येते, असे गृहीत धरतो. मूळ आणि भाषांतर यांतील अंतर हे काळाचेही अंतर असते, या गृहीतकावर निष्ठा, न्याय, ऋण, मूळबरहुकूम हा आपला सारा शब्दसंभार उभा आहे. युनिव्हर्सलच्या त्या महिन्यात मात्र मूळ अद्याप घडत होते आणि भाषांतर त्याच्या बारा तास मागून चालत होते, काही वेळा त्याला मागे टाकीत होते. अशा प्रसंगी ‘मूळ’ या पदाचा अर्थ काय उरतो, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

ही व्यवस्था कोणाच्या कलात्मक आग्रहातून जन्मली नव्हती. मूकपटाला भाषा अशी नव्हतीच. पाट्या बदलल्या की तोच चित्रपट ब्युनोस आयर्सला आणि बुडापेस्टला चालत असे. ध्वनी आला आणि प्रत्येक चित्रपट एका भाषेच्या कुंपणात अडकला. परदेशी बाजारपेठ हातची जाणार हे दिसताच स्टुडिओंनी नाना उपाय योजले. पॅरामाउंटने पॅरिसजवळ जोइनव्हिल येथे अनेक भाषांतील आवृत्त्यांचा कारखानाच उघडला. लॉरेल आणि हार्डी यांनी अर्थ न कळणारी स्पॅनिश वाक्ये उच्चारानुसार घोकून कॅमेऱ्यापुढे म्हटली. ग्रेटा गार्बो यांनी ‘ॲना ख्रिस्ती’ इंग्रजीनंतर जर्मनमध्येही केला. युनिव्हर्सलने ‘किंग ऑफ जाझ’ या १९३०च्या संगीतपटात नाचगाणी तशीच ठेवून केवळ निवेदक भाषेप्रमाणे बदलले. त्यांतील हंगेरियन आवृत्तीचे निवेदक होते बेला लुगोसी. पुढे ज्यांच्या भूमिकेची स्पॅनिश प्रतिकृती होणार होती, ते स्वतः आधी दुसऱ्याच्या चित्रपटाचे भाषांतर म्हणून पडद्यावर उभे राहिले होते.

युनिव्हर्सलच्या परदेशी आवृत्त्यांची जबाबदारी पॉल कोनर यांच्याकडे होती. बोहेमियातून आलेल्या या निर्मात्याने कंपनीचे संस्थापक कार्ल लेमली यांना साधा हिशेब सांगितला. नेपथ्य, पटकथा, वेशभूषा या सर्वांचा खर्च इंग्रजी चित्रपटाने आधीच उचललेला असतो आणि रात्री स्टुडिओ रिकामा पडतो. ‘द कॅट क्रीप्स’ या चित्रपटाची स्पॅनिश आवृत्ती या पद्धतीने १९३०मध्ये तयार झाली. (ती आज नष्ट झाली आहे, आणि तिचे इंग्रजी मूळही.) त्याच दिग्दर्शकाला, जॉर्ज मेलफर्ड यांना, आणि त्याच नायिकेला, मेक्सिकोच्या लुपिता तोवार यांना घेऊन ‘द्राकुला’ सुरू झाला. मेलफर्ड यांना स्पॅनिश येत नव्हते. ते दुभाष्याच्या मदतीने दिग्दर्शन करीत. भाषांतराच्या इतिहासात हाही एक चमत्कारच मानावा लागेल. ज्या भाषेत संहिता उतरत आहे तीच भाषा न जाणणारा माणूस त्या संहितेचा प्रमुख कर्ता आहे. संवादांचे स्पॅनिश रूपांतर बाल्तासार फर्नांदेस क्वे यांनी केले होते.

आणि ते रूपांतर कशाचे होते? ब्रॅम स्टोकर यांची कादंबरी १८९७ची. तिच्यावरून हॅमिल्टन डीन यांनी १९२४ साली इंग्लंडमध्ये नाटक रचले. ते अमेरिकी रंगभूमीसाठी जॉन बॉल्डरस्टन यांनी १९२७ साली पुन्हा लिहिले. त्यावर पटकथा उभी राहिली आणि तिचे स्पॅनिश झाले. मुळाचा शोध घेत मागे जावे तर प्रत्येक पायरीवर आणखी एक रूपांतरच हाती लागते. मग रात्रपाळीलाच दुय्यम म्हणण्याचे कारण निव्वळ आर्थिक उरते.

१९९२ साली हा चित्रपट व्हिडिओवर उपलब्ध झाल्यापासून त्याच्याविषयी एक मत रूढ झाले आहे. स्पॅनिश आवृत्ती इंग्रजीपेक्षा सरस आहे, तिचा कॅमेरा अधिक गतिमान आहे, तिची प्रकाशयोजना अधिक धीट आहे. या मतात तथ्य आहे. रेनफील्ड किल्ल्यात प्रवेश करतो तो प्रसंग पाहावा. इंग्रजीत जिन्यावरील सरदाराचे दर्शन आपल्याला दृश्यखंड जोडून घडवले जाते. स्पॅनिशमध्ये छायालेखक जॉर्ज रॉबिन्सन यांचा कॅमेरा झेप घेत जिना चढून त्याच्यापर्यंत जातो. शवपेटी उघडते तेव्हा इंग्रजी कॅमेरा सभ्यपणे नजर वळवतो आणि परत येतो तो सरदार उभा असतो. स्पॅनिशमध्ये पेटीतून धूर उसळतो आणि त्यामागून सरदार वर येतो. सिगारेटच्या डबीच्या झाकणात बसवलेल्या आरशात त्याचे प्रतिबिंब पडत नाही, हे उघडकीस येते तेव्हा लुगोसी हाताच्या फटक्याने डबी खाली पाडतात. स्पॅनिश सरदार मात्र काठी उगारून आरशाचा चक्काचूर करतो.

या फरकांचे स्पष्टीकरण कोनर आणि त्यांच्या मंडळींच्या एका सवयीत सापडते. रात्रपाळीची मंडळी काम सुरू करण्यापूर्वी दिवसपाळीने चित्रित केलेले तुकडे पाहत असत. हा तपशील मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मूळ संहितेचा मसुदा भाषांतरकारापुढे होता, आणि त्या मसुद्यावर नाराज होण्याचा अधिकारही त्याला होता. जिन्यावरचा धावता कॅमेरा हे इंग्रजी दृश्याचे स्पॅनिश रूप नव्हे, तो त्या दृश्यावर नोंदवलेला अभिप्राय आहे. आपल्याकडे भाषांतर ही एक प्रकारची समीक्षा असते असे वाक्य सहज लिहिले जाते. येथे ते अलंकार म्हणून नव्हे, तर कार्यपद्धती म्हणून दिसते.

तरीही ‘सरस’ या निर्णयाशी मी सहमत होऊ शकत नाही. माझा आक्षेप त्या निर्णयाच्या मोजपट्टीला आहे. इंग्रजी आवृत्ती सुमारे ७५ मिनिटांची, तर स्पॅनिश १०४ मिनिटांची. ही जादा मिनिटे सगळीच कॅमेऱ्याच्या धिटाईची नाहीत. त्यांतली कितीतरी बैठकीतल्या संभाषणांची आहेत. इंग्रजी चित्रपटाला चित्रीकरणानंतर कात्री लागली. स्पॅनिश चित्रपटात पटकथेतले जवळजवळ सर्व काही राहिले. त्याचे फायदे खरेच आहेत. इंग्रजीत ल्यूसी पिशाच्च होऊन मुलांना ओढून नेऊ लागते आणि नंतर चित्रपट तिला विसरूनच जातो. स्पॅनिशमध्ये व्हॅन हेल्सिंग आणि हार्कर तिच्या थडग्याकडे जाऊन तो विषय संपवतात. पण सैल धागा बांधणे म्हणजे प्रत्येक वेळी सुधारणा नव्हे. लुगोसींच्या चित्रपटातील अनुत्तरित जागा, तिथली अर्धवट वाक्ये, पात्रांचे अकारण थबकणे, यांतून एक स्वप्नसदृश निर्जीवपणा तयार होतो आणि तो त्या कथेच्या स्वभावाशी जुळतो. दोन्ही आवृत्त्यांत आरंभीच्या ‘स्वान लेक’मधील सुरावटीनंतर पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. वाद्ये दिसत नसताना संगीत कोठून येते असे प्रेक्षक विचारील, अशी त्या काळातील निर्मात्यांना धास्ती होती. इंग्रजीत त्या रिकाम्या शांततेला लुगोसींचा संथ उच्चार व्यापून टाकतो. स्पॅनिशमध्ये ती शांतता नुसतीच लांबते. शिवाय ध्वनियंत्रणा नसलेल्या चित्रपटगृहांसाठी इंग्रजी चित्रपटाची पाट्यांची मूक आवृत्तीही काढली गेली होती, हे ध्यानात घेतले तर मेलफर्ड आणि ब्राउनिंग यांची दुहेरी कुस्ती लावणे आणखीच अपुरे ठरते.

या तुलनेत एक गोष्ट नेहमी निसटते. रात्रपाळीत भाषांतराची दोन परस्परविरोधी धोरणे एकाच चौकटीत वावरत होती. कार्लोस व्हियारियास हे कोर्दोबाचे स्पॅनिश नट ‘द्राकुला’ झाले होते. लुगोसींचे चित्रित तुकडे पाहण्याची मुभा नटांपैकी केवळ त्यांनाच होती, कारण त्यांनी लुगोसींचे अनुकरण करावे अशी अपेक्षा होती. इतर नटांना हे बंधन नव्हते. काही दूरदृश्यांत तर इंग्रजी आवृत्तीसाठी टिपलेले लुगोसीच वापरले आहेत. म्हणजे एका भूमिकेचे शब्दशः भाषांतर करावयाचे, प्रसंगी मूळ शब्दच तसाच ठेवावयाचा, आणि उरलेल्या संहितेचे मात्र मुक्त रूपांतर करावयाचे. परिणाम पडद्यावर स्पष्ट दिसतो. ड्वाइट फ्राय यांच्या इंग्रजी रेनफील्डचे दबके, घशात अडकलेले हसू बाजूला सारून पाब्लो अल्वारेझ रुबियो यांनी किंचाळणारा, कोसळणारा स्वतंत्र रेनफील्ड उभा केला आहे. तो अविस्मरणीय आहे. व्हियारियास मात्र भुवया ताणतात, डोळे विस्फारतात, आणि प्रेक्षकाला हसू आवरावे लागते. अनुकरणाचा आदेश ज्याला मिळाला तोच नट त्या चित्रपटात परका वाटतो. शब्दनिष्ठ भाषांतराचे समर्थक आणि विरोधक या दोघांनीही हा चित्रपट एकदा शेजारी बसून पाहावा.

मात्र व्हियारियास यांच्या अपयशाला अभिनयापेक्षा खोल असे कारण आहे, आणि ते भाषेत आहे. स्टोकर यांच्या कादंबरीत, दुसऱ्या प्रकरणातच, सरदार हार्करजवळ आपली व्यथा सांगतो. त्याने इंग्रजी पुस्तकांतून शिकले आहे, पण लंडनच्या रस्त्यावर त्याने तोंड उघडताच लोक त्याला परका म्हणून ओळखतील, आणि स्वतःच्या देशात धनी असलेल्या त्याला ते सहन होणारे नाही. म्हणून त्याला हार्करकडून उच्चार घोटून घ्यायचे आहेत. भीतीचे मूळ येथे दातांत नाही, उच्चारात आहे. हा माणूस आपल्यातला होऊन आपल्यात मिसळू पाहतो. लुगोसी अमेरिकेत आले तेव्हा आरंभी इंग्रजी भूमिका उच्चारानुसार पाठ करीत. त्यांच्या तोंडी इंग्रजी वाक्य नेहमी अर्ध्या लयीने मागे राहते, आघात भलत्या शब्दावर पडतो. चित्रपटाला ध्वनी मिळाल्यामुळे कादंबरीतील ही भीती प्रथमच कानांना ऐकू आली. मूकपटाला ती व्यक्त करणे शक्यच नव्हते.

स्पॅनिश आवृत्तीत हाच अर्थ नाहीसा होतो. तेथे सरदार स्पेनचा, नायिका एव्हा आणि व्हॅन हेल्सिंग झालेले एदुआर्दो आरोसामेना मेक्सिकोचे, हार्कर झालेले बॅरी नॉर्टन मूळ अर्जेंटिनाचे. एकाच घराच्या दिवाणखान्यात तीन देशांची स्पॅनिश बोलली जाते आणि त्याविषयी कोणाला काही वाटत नाही. लंडनच्या त्या घरात सर्वांचेच उच्चार परके, म्हणून कोणाचाच परका नाही. उलट स्पेनच्या उच्चाराला नाट्यपरंपरेत असलेला मान पाहता, या घोळक्यात सरदारच ‘शुद्ध’ बोलणारा ठरतो! हॉलिवुडच्या स्पॅनिश बोलपटांवरून त्या वर्षांत उच्चारांचा मोठा वाद पेटला होता. कास्तिलची प्रमाणभाषा पडद्यावर असावी की लॅटिन अमेरिकेतील बोलींनाही तेथे जागा असावी, हा तो वाद. स्टुडिओला हे प्रकरण नीटसे उमगले नव्हते. त्यांच्या लेखी स्पॅनिश ही एकच भाषा होती आणि तिचा एकच बाजार. प्रमाणभाषा आणि बोली यांवरून पिढ्यान्‌पिढ्या भांडलेल्या मराठी वाचकाला या अज्ञानाचे परिणाम समजावून सांगण्याची गरज नाही. नावांचेही असेच. जोनाथन हार्करचा हुआन हार्कर झाला, मीनाची एव्हा झाली, ल्यूसीची लुसिया झाली. आडनावे, लंडन आणि दाट धुके मात्र जागच्या जागी राहिले.

भाषेत गमावलेला परकेपणा मग कोठून तरी भरून काढणे भाग होते. मेलफर्ड आणि रॉबिन्सन यांनी तो देहात आणि दृश्यात शोधला, असे माझे वाचन आहे. धूर, उसळी घेणारा कॅमेरा, आरसा फोडणारी काठी हे सगळे त्या हरवलेल्या उच्चाराचे पर्याय आहेत. लुपिता तोवार यांचा पारदर्शक पोशाख हाही त्यातलाच. हेलन चँडलर यांची मीना आजारी पडत जाते, तर तोवार यांची एव्हा जागी होत जाते, तिच्या हालचालींत भूक दिसू लागते. याचे श्रेय ‘लॅटिन स्वभावाच्या उष्णतेला’ देण्याची एक आळशी प्रथा आहे. ती टाकून द्यावी. ज्या चित्रपटात कमी पैसा गुंतलेला असतो त्यावर मालकाची नजरही कमी असते, हे कारण मला अधिक पटते. रात्रपाळीला जे स्वातंत्र्य लाभले ते तिला कोणी बहाल केले नव्हते. ते दुर्लक्षाचे फळ होते. अर्थात त्यावरून दारिद्र्यातून कला फुलते असा सिद्धांत काढणाऱ्यांपासूनही सावध राहावे लागेल, कारण ६६ हजारांचा हा चित्रपट ३ लाख ४१ हजारांच्या नेपथ्यात राहत होता. त्याचे दारिद्र्य श्रीमंताच्या वाड्यातील बिऱ्हाडाचे होते.

याच सुमारास कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी हाच पेच वेगळ्या रीतीने सोडवीत होती. व्ही. शांताराम यांनी १९३२मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत केला तेव्हा दुर्गाबाई खोटे आणि गोविंदराव टेंबे हेच दोन्ही आवृत्त्यांत होते. नट तोच, भाषा दुसरी. तेथे दिवस आणि रात्र अशी विभागणी नव्हती, आणि मराठी संहिता मूळ व हिंदी तिची छाया असा क्रमही सरळ लावता येत नाही, कारण हिंदी आवृत्तीची बाजारपेठ कितीतरी मोठी होती. हॉलिवुडमध्ये भाषांतराने नटाचे शरीर बदलले. प्रभातमध्ये त्याच शरीराला दोन भाषा बोलाव्या लागल्या. उच्चाराचा प्रश्न मग दोन नटांमध्ये न राहता एकाच नटाच्या जिभेवर आला. आपल्या नाट्यपदांच्या परंपरेतून आलेली ती जीभ हिंदी वाक्यांत काय करते, याचा अभ्यास आपल्या समीक्षेने केलेला नाही. द्विभाषिक प्रभातपटांचा विचार आपण कथानक आणि सामाजिक आशय यांपुरता केला, आणि या संहितांचे पाठ शेजारी ठेवून वाचण्याचे काम बाजूला राहिले.

पाठांचा उल्लेख आला म्हणून स्पॅनिश चित्रपटाच्या प्रतींविषयी लिहिणे अगत्याचे आहे. मार्च १९३१मध्ये हवानात तो प्रथम प्रदर्शित झाला, त्यानंतर मेक्सिको आणि न्यू यॉर्क येथे. ध्वनिपट्टीवर दुसऱ्या भाषेचा आवाज चढवण्याचे तंत्र लवकरच सुधारले, स्वतंत्र आवृत्त्या काढण्याची पद्धत मोडीत निघाली आणि या चित्रपटाला कोणी वाली उरला नाही. पुढे स्टुडिओच्या साठ्यात मूळ ऋणचित्र सापडले तेव्हा त्यातील तिसरे रीळ कुजून गेलेले होते. संपूर्ण प्रत उरली होती ती क्युबाच्या चित्रपट संग्रहालयात. अभ्यासक डेव्हिड स्काल तेथे जाऊन ती पाहून आले आणि पुढे त्या प्रतीतील रिळाने तुटलेली जागा भरली गेली. आज आपण जो ‘द्राकुला’ पाहतो त्यात ते रीळ डोळ्यांना वेगळे दिसते. चित्र एकाएकी मळकट होते, काळ्यातला काळेपणा उतरतो, आणि काही मिनिटांनी पुन्हा लख्ख होते. पोथीतले हरवलेले पान दुसऱ्या परंपरेच्या पोथीवरून उतरवून घ्यावे आणि शाईचा फरक तसाच राहावा, तशातला हा प्रकार आहे. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हापासून या कामाची परंपरा असलेल्या आपल्याला अशा सांध्याचे मोल कळावयास हवे. हा सांधा पुसून टाकण्याची हौस संगणकाच्या काळात वाढली आहे. तो दिसत राहिला पाहिजे.

आणि इंग्रजी ‘मूळ’ तरी एकसंध कोठे आहे? त्याच्या शेवटी व्हॅन हेल्सिंग झालेले एडवर्ड व्हॅन स्लोन पडद्यापुढे येऊन प्रेक्षकांना उद्देशून बोलत. १९३६च्या पुनःप्रदर्शनाच्या वेळी ते भाषण आणि सरदाराच्या मृत्यूसमयीचे कण्हणे काढून टाकण्यात आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत इंग्रजी आवृत्ती २००० साली आली, स्पॅनिश २०१५ साली. त्या समारोपाच्या भाषणाविनाच इंग्रजी चित्रपट आता पाहावयास मिळतो. त्यात सरदार संपल्यावर हार्कर व्हॅन हेल्सिंगला विचारतो, तुम्ही येत नाही का? तो सांगतो की थोड्या वेळाने येईन. का थांबायचे, याचे उत्तर तेथे मिळत नाही. नायक-नायिका जिना चढून उजेडाकडे जातात आणि चित्रपट संपतो. स्पॅनिशमध्ये रेनफील्डने आपल्या आत्म्याच्या मुक्तीची याचना व्हॅन हेल्सिंगपाशी केलेली असते. म्हणून प्रेमिक वर निघून गेल्यावर वृद्ध आरोसामेना, दिवसपाळीने सोडून दिलेल्या त्याच तळघरात, रेनफील्डच्या मृतदेहाजवळ थांबतात.